स्वतःला धरून

१

"आता त्याची मोजणी बरोबर येईल, बघा तुम्ही. तिला मात्र एवढ्यात काही कळू देऊ नका."

सासूबाई हे स्वयंपाकघरात सासऱ्यांना सांगत होत्या आणि मी पॅसेजमध्ये उभी होते. ऑफिसला निघालेली मी लिफ्टपाशी जाऊन, चार्जर राहिला म्हणून परत आले होते. चोरपावलांनी नव्हे; माझी पावलंच हलकी आहेत. माझी आई म्हणायची, हिच्या पायाला घंटा बांधा, नाहीतर एक दिवस दचकून कोणाच्या तरी हातातलं दूध सांडेल.

"आणि नाही आली बरोबर तर?" सासरे म्हणाले.

"येणार. मी करून बघितलीय."

मग मिक्सर सुरू झाला आणि पुढचं काही ऐकू आलं नाही. मी चार्जर न घेताच निघाले.

लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. भेट आलेले खोके अजून पलंगाखाली तसेच होते; त्यांतल्या निम्म्यांत भिंतीवरची घड्याळं असणार, असा माझा अंदाज होता. अशा दिवसांत 'ती' म्हणजे आपणच, हे कळायला सुनेला वेळ लागत नाही. 'तो' कोण, याचा मात्र पत्ता लागेना. घरात 'तो' म्हणावा असा माझा नवरा. पण तो जनावरांचा डॉक्टर, आणि मोजण्याशी त्याचा संबंध मांजर वजनकाट्यावर बसवण्यापुरता. शेवटी बसमध्ये मी ठरवून टाकलं, की शिंपी असणार. पडद्यांचं माप घेऊन गेलेला शिंपी. पडदे आखूड झालेच होते.

कारण सापडलं की मला झोप लागते. बसमध्ये लागली.

२

आमचं घर मजल्याच्या अगदी टोकाला. आत शिरलं की लांब पॅसेज, दोन्ही बाजूंना खोल्या, आणि शेवटी जेवणाचं टेबल. टेबलापाशी बसलं की पॅसेजमधून सरळ बाहेरचं दार दिसतं. दारापलीकडे जिन्याचा चौक, तिथे चपलांचं लाकडी कपाट, त्याला कप्पे. प्रत्येकाचा कप्पा ठरलेला. एक रिकामा.

पहिल्या दिवशी मी साहजिकच त्या रिकाम्या कप्प्यात माझ्या सँडल ठेवल्या होत्या. नणंदेने त्या झटकन उचलून खाली ठेवल्या.

"तिथे नको वहिनी. तिथे ओल येते."

इतक्या वरच्या मजल्यावर, कोरड्या चौकात, एकाच कप्प्याला ओल कशी येते, हे मी विचारलं नाही. नवी सून फार प्रश्न विचारत नाही, ती साठवते.

दुसरी गोष्ट संध्याकाळची. सगळे घरी आले, दिवे लागले, की आम्ही आपापल्या जागी काही ना काही करत बसलेलो असायचो. सासरे वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत असायचे. मधेच ते मान वर करायचे, पॅसेजच्या टोकाला दाराकडे बघायचे आणि म्हणायचे, "आहोत सगळे." मग चष्मा पुसायचे, उठून दाराची कडी लावायचे आणि पुन्हा कोड्यात शिरायचे.

कोणाला ते खटकत नव्हतं. ज्या घरात माणूस वाढतो तिथलं त्याला काहीच खटकत नाही. माझ्या माहेरी बाबा फ्रिजशी बोलतात. पण मला खटकलं, आणि का, ते कळायला थोडे दिवस गेले. सासरे ते वाक्य सांगितल्यासारखं म्हणत नसत. उत्तर दिल्यासारखं म्हणत. समोरच्याचं बोलणं पूर्ण होऊ द्यायला आपण जेवढं थांबतो, तेवढं थांबून.

त्या वेळी दाराखालच्या फटीतून उजेडाची एक पट्टी आत आलेली असायची. जिन्यातला दिवा माणूस आला की लागतो आणि गेला की विझतो. पट्टी दिसायची, सासरे उत्तर द्यायचे, पट्टी विझायची. मी व्यावसायिक निदान केलं: सेन्सर खराब.

३

माझं काम काय, हे सासरी समजावताना माझी दमछाक झाली होती. "कॉम्प्युटरमधलं जुनं काहीतरी काढून टाकते," एवढं सासूबाईंनी लक्षात ठेवलं, आणि ते पुरेसं आहे.

इमारतींची दारं, लिफ्ट, दिवे चालवणारी एक ऑपरेटिंग सिस्टिम आमची कंपनी बनवते. दाराच्या प्रोग्रॅमला काही हवं असलं की तो सिस्टिमला हाक मारतो आणि सिस्टिम ओ देते. अशा शेकडो हाका. त्यांतल्या काही फार पूर्वी घाईत केलेल्या, सदोष. त्या काढायच्या. अडचण इतकीच, की बाहेरचे असंख्य प्रोग्रॅम त्यांच्याच भरवशावर चाललेले असतात. भिंत पाडायची, पण तिच्यावर टांगलेलं कॅलेंडर हलता कामा नये, असं ते काम.

माझ्या वरच्या बाईंना सगळे कात्रीबाई म्हणतात, तोंडावरसुद्धा. त्यांनी मला दिलेली हाक होती: आत किती जण? कोणीतरी दाराशी उभं राहून बटण दाबतं, दार सिस्टिमला विचारतं, आत किती जण आहेत, आणि त्याप्रमाणे मिटायचं की नाही ते ठरवतं. दोष असा, की बटण दाबणारा माणूस त्या आकड्यात धरलेलाच नसायचा. तो सोडून बाकीचे.

"मग दुरुस्त का नाही करत?" मी विचारलं होतं.

"केली होती एका शहाण्याने," कात्रीबाई म्हणाल्या. "हाक बरोबर मोजायला लागली. पण प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना जुनी चूक पाठ होती. ते आपले आलेल्या आकड्यात एक मिळवत राहिले. एका इमारतीतली सगळी दारं दिवसभर उघडी. मिटेचनात. आत नसलेला एक माणूस बाहेर यायची वाट बघत उभी."

"बापरे."

"चुकीचं उत्तर वर्षानुवर्षं ठामपणे दिलं ना, की लोक त्यावर संसार मांडतात. म्हणून दुरुस्त नाही करायची. काढायची. पण आधी बोंब-चाचणी."

बोंब-चाचणी हा आमच्या ऑफिसातला शब्द. हाक कोण कोण वापरतं हे कोणालाच धड माहीत नसतं. म्हणून भर दुपारी, सगळे जागेवर असताना, ती थोडा वेळ बंद ठेवायची आणि गप्प बसायचं. ज्याला ती लागते तो बोंब मारतो.

हे आम्ही दारांच्या खोलीत करतो. मोठी थोरली खोली, आणि तिच्यात नुसत्या चौकटींत बसवलेली दारं, ओळीने. भिंती नाहीत. दुपारचं ऊन एका दारातून शिरतं, दुसऱ्यातून निघून जातं. मी हाक बंद केली. काही दारांचे भोंगे वाजले, काही फटकन मिटली. एक दार मात्र काहीच करेना. अर्धवट उघडं राहून ते किंचित पुढे यायचं, किंचित मागे जायचं. काहीतरी विचारायला तोंड उघडावं आणि राहून जावं तसं. त्याच्याकडे बघता बघता मला घरचा पॅसेज आठवला.

मी हाक पुन्हा सुरू केली. दार लगेच मिटलं, अगदी समाधानाने.

४

घरात माझे लाड होत होते. तक्रार करायला जागा नव्हती.

सासूबाईंनी मला एक कप दिला. निळा, मोठा, कानाचा टवका उडालेला. "हा तुझा." न्हाणीघरात खुंटी दिली, दारामागची, उंच, माझा हात टाचा उंचावल्याशिवाय पोचत नव्हता. टेबलाशी खुर्ची दिली, भिंतीला पाठ असलेली.

"इथे बस. इथून सगळे दिसतात."

खरंच दिसत होते. चारही जण आणि त्यांच्यामागे दार. एकदा सासरे म्हणाले, "सूनबाई, कडी आता तूच लावत जा." मला बढती मिळाल्यासारखं वाटलं. आईला फोन करून सांगितलंसुद्धा.

मग एका संध्याकाळी नणंद, मोबाइलमधून डोकं वर न काढता, माझ्याकडे हात पुढे करून म्हणाली, "दादा, मीठ दे ना."

टेबलावरचे चमचे थांबले.

मोठा भाऊ होता हे मला नवऱ्याने लग्नाआधी सांगितलं होतं, आणि त्याच्याबद्दल घरात बोलत नाहीत हेही. मी खोदलं नव्हतं. प्रत्येक घरात एक न उघडलेला खोका असतो.

"वहिनी म्हणायचंय तिला," नवरा म्हणाला.

"असू दे रे," सासूबाई म्हणाल्या. "आलं तोंडात तर आलं." आणि मीठ त्यांनी स्वतः न देता माझ्याकडे सरकवलं, मी पुढे द्यावं म्हणून. त्या खूश दिसत होत्या.

मी मीठ दिलं.

त्याच आठवड्यात कधीतरी ऑफिसात मी सगळ्यांसाठी मशीनवरून कॉफी आणली. ट्रे फिरवून जागेवर आले, तर माझ्यासाठी कप नव्हता. "डाएट का?" कात्रीबाईंनी विचारलं. मी हसले. घरी ताटं मांडली, सगळे बसले, मीही बसले, आणि माझ्यासमोर नुसतं टेबल. नणंद म्हणाली, "वहिनी, प्रेमात पडलीस की काय?" पुन्हा हसले. दुसऱ्या दिवशी परत तेच. मी नीट मोजूनच ताटं काढत होते. सासरे, सासूबाई, नवरा, नणंद. झाले की सगळे.

रात्री झोपताना मला वाटायचं, काहीतरी राहिलंय. गॅस, नळ, कडी, सगळं तपासलेलं असायचं. तरी काहीतरी.

५

सासऱ्यांची दाढ काढली त्या दिवशी.

गाल सुजलेला, तोंडात कापसाचा बोळा, बोलायची बंदी. सासूबाई अंघोळीला गेल्या होत्या, नणंद खोलीत हेडफोन लावून, नवरा दवाखान्यातून येऊन सोफ्यावर आडवा, तोंड उघडं. म्हणजे घरात होते सगळेच, पण संध्याकाळच्या त्या वेळेला जागे आणि हजर असे आम्ही दोघंच.

दाराखाली उजेडाची पट्टी आली.

सासऱ्यांनी मान वर केली. बोळा आठवला. मग माझ्याकडे बघून त्यांनी हाताने खूण केली: सांग, तू सांग. मला काय ती खूण कळली नाही? चांगली कळली. पण माझ्यातली बोंब-चाचणीवाली जागी झाली होती. उत्तर थोडा वेळ बंद ठेवायचं आणि गप्प बसायचं. मी गप्प बसले.

फ्रिजची मोटर बंद पडली की आपल्याला कळतं, ती इतका वेळ चालू होती. तसं घरातलं काहीतरी थांबलं. सोफ्यावरचा नवरा घोरायचा थांबला. न्हाणीघरातलं पाणी थांबलं.

मग दाराबाहेर चपला घासटल्या. पुढे, मागे. आणि कोणीतरी पुटपुटत होतं, विणताना बायका टाके मोजतात तशा लयीत. शेवटी दोन शब्द. ते मी कानांनी ऐकले असं शपथेवर सांगणार नाही. झोपेत रेडिओवरचं बोलणं स्वप्नात शिरतं, तसे ते माझ्यात आधीच होते.

एक कमी.

चपला वळल्या. जिन्याकडे. एक पायरी उतरल्या.

सासऱ्यांनी तोंडातला बोळा उपसून काढला आणि रक्ताळलेल्या तोंडाने ओरडले, "आहोत! आहोत सगळे!"

चपला थांबल्या. बऱ्याच वेळाने उजेडाची पट्टी विझली.

सासूबाई ओल्या केसांनी पॅसेजमध्ये आल्या. सासऱ्यांच्या शर्टावर रक्त होतं, पण त्या माझ्याकडे बघत होत्या.

"तू का नाही सांगितलंस?"

"मला काय माहीत, काय सांगायचं?"

"माहीत आहे तुला," त्या अगदी मायेने म्हणाल्या. "त्या खुर्चीत बसतेस ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चौकात उभी राहून नीट तपासलं. शेजारच्या घराला कुलूप होतं. ते लोक परगावी. तरी वरच्या मजल्यावरचं कोणी असू शकतं. सेन्सर तर खराब होताच. कारणं सापडत होती. झोप मात्र लागत नव्हती. रिकाम्या कप्प्यावरून बोट फिरवलं, तर लाकूड दमट लागलं, आणि त्यावर टाचेएवढी झीज होती.

६

नणंदेला मी गच्चीत गाठलं. ती वाळलेले कपडे काढत होती. ती लहान मुलांच्या शाळेत शिकवते. आवाज मोठा, मन हळवं.

"दादाबद्दल सांग," मी म्हटलं.

तिने चादरीचं एक टोक माझ्या हातात दिलं. आम्ही घडी घालू लागलो.

"कडी लावायचं काम दादाचं होतं," ती म्हणाली. "दारात उभा राहायचा आणि विचारायचा, सगळे आहेत का? मग बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत मोजायचा. आणि रोज एक कमी यायचा."

"का?"

"स्वतःला धरायचाच नाही! लहानपणापासून. आम्ही हसून लोळायचो. मोठा झाला तरी तेच. मुद्दाम करतोय की खरंच, कळायचं नाही. फुग्याला तर वाटायचं, नाटक करतो."

फुग्या म्हणजे माझा नवरा. लहानपणी त्याचे गाल तसे होते.

"मग?"

"मग काय. एकदा असाच म्हणाला, एक कमी आहे. आम्ही पत्ते खेळत होतो. फुग्या म्हणाला, जा मग, शोधून आण. मी म्हटलं, पलंगाखाली बघ. आई म्हणाली, सापडल्याशिवाय घरात पाऊल ठेवू नकोस हं. सगळे हसलो." तिने घातलेली घडी उलगडली आणि पुन्हा घालायला घेतली. "त्याने चपला घातल्या."

वारा आला. दोरीवरचा एक शर्ट फुगला आणि रिकामा झाला.

"खाली वॉचमन होता. तो म्हणाला, जिन्यातून काय, लिफ्टमधूनही कोणी उतरलंच नाही."

"आणि हे विचारणं?"

"दुसऱ्या दिवशीपासून. आम्ही सांगतो ना, आहोत सगळे. म्हणजे शोधू नको, ये आता. पण तो येत नाही, वहिनी. कसा येईल? त्याच्या मोजणीत अजून एक कमीच येतो."

"आता नाही येणार," मी म्हटलं. "आता मी आले."

तिने चादर छातीशी धरली. "मी शाळेत मुलं मोजते ना, तेव्हा आधी माझ्याच छातीवर बोट ठेवते. एक. मग पुढे. मुलं हसतात." आणि मग, माझ्याकडे न बघता, "तू खूप चांगली आहेस गं."

माणसाला निरोप देताना असं म्हणतात.

७

नवऱ्याला मी त्याच्या दवाखान्यात जाऊन विचारलं. टेबलावर एक म्हातारी मांजर होती आणि तो तिच्या कानात औषध घालत होता.

"तू माझ्याशी लग्न का केलंस?"

"तू हसतेस तेव्हा आवाज येत नाही म्हणून. आत्ता काय त्याचं?"

"मला मोजून आणलंय का?"

त्याचा हात थांबला. मांजरीने संधी साधून डोकं झटकलं.

"आईने तसं मनात धरलंय," तो म्हणाला. "मी नाही. पण ऐक ना... एकदा त्याची मोजणी बरोबर येऊ दे. एकदाच. त्याला वाटेल, सापडला कोणीतरी. सुटेल बिचारा. आम्हीपण सुटू. 'जा, शोधून आण' हे मी म्हटलं होतं."

"आणि मी?"

"तुला काय होतंय? तू तर आहेसच."

मी त्याच्या शर्टावरचा मांजरीचा केस काढला आणि ऑफिसला गेले.

कात्रीबाई माझ्याच कामावर बसल्या होत्या. जुनी हाक काढली की तिच्या जागी आम्ही तोतया बसवतो. नाव जुनंच, उत्तरही जुन्यासारखंच. आतला मात्र दुसराच कोणी. म्हणजे जुन्या प्रोग्रॅमना फरक कळत नाही आणि बोंब होत नाही.

"छान चाललाय तुझा तोतया," त्या म्हणाल्या. "एकही दार कुरकुरलं नाही."

"हा काढायचा कधी?"

"तोतया? काढत नाही गं कोणी. चांगला चालला तर लोक विसरूनच जातात, आत दुसरं कोणी आहे. मग तोच खरा."

"आणि जुनी हाक?"

"ती गेली. तिला शोधायला कोण जातंय?"

त्यांच्या मागे काचेपलीकडे दारांची खोली होती. सगळी दारं मिटलेली. मी त्या काचेत स्वतःला शोधलं. कात्रीबाई दिसल्या, दारं दिसली, भिंतीवरचं घड्याळ दिसलं. मी कुठे उभी होते ते समजायला मला हात हलवावा लागला.

"बाई, हे न करता बरोबर करायचं असेल तर?"

"तर नवी हाक करायची. विचारणाऱ्याला धरणारी. आणि विचारणाऱ्याला स्पष्ट सांगायचं, बाबा, आता तूसुद्धा मोजला जातोस, वर एक मिळवू नकोस. नवी हाक सगळे करतात. हे सांगायचं मात्र राहून जातं."

८

त्या संध्याकाळी मी टेबल मांडलं. ताटं मोजली नाहीत. बघायची हिंमत नव्हती. सगळे बसले तेव्हा माझ्या खुर्चीपुढे ताट नव्हतंच. निळा कप मात्र तिथे भरून ठेवलेला होता.

घर फार सुंदर दिसत होतं. आखूड पडद्यांखालून संध्याकाळ फरशीवर पसरली होती. नणंदेने केस धुतले होते. सासऱ्यांनी कोडं बाजूला ठेवलं होतं. चौघं माझ्याकडे बघत होते, वाढदिवसाला दिवे मालवायच्या आधी बघतात तसे.

दाराखाली पट्टी आली.

"जा," सासूबाई म्हणाल्या. "कडी लाव."

मी पॅसेजमधून गेले. एक फरशी हलते, ती माझ्या पायाने आपण होऊन टाळली. ती हलते हे मला कोणी सांगितलं नव्हतं. कडीला हात लावला आणि, ती लावायची सोडून, दार उघडलं.

चौकात दिवा लागलेला. कोणी नाही. मी म्हटलं, सेन्सर. मी म्हटलं, शेजारी. मग चपलांच्या कपाटाकडे बघितलं. रिकाम्या कप्प्यात एक पुरुषी जोड होता, झिजलेला, चिखलाने काळा पडलेला. नुकत्याच काढलेल्या चपलेचा पट्टा पायाचा आकार सोडून हळूहळू खाली बसतो. तो बसत होता.

आणि दाराच्या कडेला, जिथे उजेड संपतो तिथे, हात. मनगटापर्यंतच. अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता. पॅसेजच्या टोकाला सासरे होते, एक पेर. सासूबाई, दुसरं. नवरा, उभा राहिलेला. नणंद, ओढणी तोंडात धरलेली. अंगठा पुढे सरकला, नेहमी रिकामं राहत असणार त्या पेराकडे, आणि माझ्यावर येऊन थांबला.

चौकात कोणीतरी श्वास सोडला. इतका थकलेला, इतका सुखावलेला श्वास मी कधी ऐकला नव्हता. हात दाराच्या कडेवरून निसटायला लागला. तो आत येत नव्हता. त्याला हवं ते सापडलं होतं. आता त्याला कुठेच यायचं नव्हतं.

"आलास?" मागून सासूबाई म्हणाल्या.

मी वळले. त्या माझ्याकडे बघत होत्या. दाराकडे नाही, हाताकडे नाही, माझ्याकडे. त्या घरात काय, कुठेही, इतक्या मायेने माझ्याकडे कोणी बघितलेलं नव्हतं. हो म्हणून टाकावं असं वाटलं. हो म्हटलं असतं तर सगळं अगदी सोपं होतं. ताट लगेच आलं असतं. आणि माझ्या नावाने मला पुन्हा कोणी हाक मारली नसती, आणि ते माझ्या लक्षातही आलं नसतं.

सासऱ्यांनी तोंड उघडलं. "आहोत..."

"थांबा, बाबा."

माझा आवाज पॅसेजभर गेला. बाहेरचा हातही थांबला. मी बोट उचललं आणि आधी स्वतःच्या छातीवर ठेवलं. तिथे काहीतरी धडधडत होतं. माझंच असावं. मग दार होतं तेवढं सताड उघडलं, आणि सगळ्यांना, आतल्यांना आणि बाहेरच्याला ऐकू जाईल असं म्हणाले:

"सगळे नाही आहोत, आई. जो रोज विचारतो, त्यालाच आजवर कोणी धरलेलं नाही. त्याच्याकडे बघा, त्याला आत घ्या, त्याला धरून मोजा. आणि मग मला वेगळं मोजा."